रत्नागिरीतून बायका गेल्या तेव्हा: एका घटलेल्या जिल्ह्याचा प्रकरण अभ्यास

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला आणि सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. राज्यात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच. तिसरा मुंबई शहर: ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११. म्हणजे कोकणी माणसाची दोन जुनी बिऱ्हाडं, गाव आणि गिरणगाव, एकाच दशकात रोडावली. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात (पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला) मात्र २९ लाखांहून जास्त माणसं वाढली. ती सगळी कोकणी नव्हेत, हे उघड आहे; पण दोन्हीकडून निघालेल्यांपैकी बरेच तिथेच गेले.

कोकणातला माणूस मुंबईला जातो यात नवं काही नाही, गिरण्या आल्यापासून तो जातोय. तरी जिल्हा वाढत होता. १९९१ ते २००१ मध्ये रत्नागिरी जवळपास दहा टक्क्यांनी वाढला. इतकी वर्षं माणसं बाहेर पाठवूनही जो जिल्हा घटला नाही तो नेमका या दशकात का घटला, हा इथला प्रश्न. ‘गावात रोजगार नाही’ हे उत्तर सवयीने दिलं जातं. ते खरं आहे, पण इथे कामाचं नाही. रोजगार १९६१ लाही नव्हता.

बायका-पुरुष वेगळे मोजले तर

रत्नागिरीत २००१ मध्ये ७,९४,४९८ पुरुष आणि ९,०२,२७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया. पुरुष ३३,३७७ ने घटले, स्त्रिया ४८,३३१ ने. सिंधुदुर्गात हे आणखी उघड दिसतं: पुरुष घटले ५५८, स्त्रिया घटल्या १८,६१६. तिथली जवळजवळ सगळी घट बायकांची आहे.

जन्मदर उतरला, म्हातारी माणसं वाढली, हेही झालं. पण त्यामुळे एकूण आकडा खाली येतो. बायका पुरुषांपेक्षा इतक्या जास्त का घटाव्यात, याचं उत्तर त्यात सापडत नाही. ते घर उचलून नेण्यात आहे. पूर्वी एकटा पुरुष जायचा, आता बायको-पोरांसकट बिऱ्हाड जातं.

दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचं प्रमाण रत्नागिरीत १९९१ ला १२०५, २००१ ला ११३६ आणि २०११ ला ११२२. रेघ एकच, सतत खाली जाणारी, म्हणून कारणही एकच असेल असं वाटतं. तसं नाही. पहिल्या दशकात लोकसंख्या वाढत असताना प्रमाण घसरलं, याचा अर्थ पुरुष बायकांपेक्षा वेगाने वाढले. मुंबईतल्या गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर आणि गिरण्या बंद पडल्यावर गावी परतलेले, निवृत्त झालेले, यांचा त्यात मोठा हात असणार. दुसऱ्या दशकात लोकसंख्या घटत असताना प्रमाण घसरलं, म्हणजे बायका निघाल्या. आधी पुरुष परत आले, मग बायका गेल्या. नुसतं प्रमाण वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

एक खबरदारी. सिंधुदुर्गात पुरुष फक्त ५५८ ने घटले म्हणून स्थानिक पुरुष गेलेच नाहीत, असा अर्थ काढू नये. जनगणना फेब्रुवारीत होते. त्या वेळी आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी असतात, मच्छीमार बोटींवर नेपाळी खलाशी असतात, चिरेखाणी आणि बांधकामांवर कर्नाटकातले आणि उत्तरेकडचे मजूर असतात. त्यांतले बरेच एकटे पुरुष. त्यांच्यातल्या जेवढ्यांची मोजणी इथे झाली असेल, तेवढी बाहेर गेलेल्या स्थानिकांची तूट झाकली गेली. कोकण माणसं पाठवतो तसा माणसं घेतोही, आणि घेतो तो बहुतेक एकटाच येणारा पुरुष. शंभर वर्षांपूर्वी आपण मुंबईला पाठवत होतो तसाच.

खोलीचं माप

या प्रकरणाचा खरा सांधा मुंबईतली खोली आहे, असं आमचं मत. नोकरीने माणूस कुठे जाणार ते ठरवलं. एकटा जाणार की कुटुंबासकट, हे खोलीने ठरवलं.

१९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या कित्येक खोल्या त्याहून लहान. गावच्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या अशा एकेका गाळ्यात एकाच गावचे, बहुधा एकाच भावकीचे, पंधरा-वीस पुरुष राहायचे. ते निभायचं गिरणीच्या पाळ्यांमुळे: एक पाळी कामावर असताना दुसरी त्याच वळकटीच्या जागी झोपायची. भिंतीला खुंट्या आणि ट्रंका, जेवण खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर. अशा ठिकाणी बायको आणणं शक्यच नव्हतं. म्हणून बायको गावी राहिली, भात तिने पिकवलं, म्हातारी माणसं तिने सांभाळली, गुरं तिने बांधली. पुरुष गणपती, शिमगा आणि मे महिन्यात यायचा, एरवी महिन्याला मनिऑर्डर. साठीच्या आसपास तो कायमचा परत यायचा आणि त्याच्या जागी पुतण्या नाहीतर मुलगा गाळ्यात दाखल व्हायचा. जिल्हा घटत नव्हता तो या फिरत्या चक्रामुळे. माणूस हयातभर बाहेर असला तरी घर गावात होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्यासोबत पाळीही गेली आणि पाळीवर चालणारा गाळाही. पुढच्या पिढीला कामं मिळाली ती कुरिअर, दुकान, खासगी कार्यालय, सिक्युरिटी, ड्रायव्हिंग अशी विखुरलेली. एका गावची वीस माणसं एका फाटकातून आत जाण्याचे दिवस संपले. गिरणगावात जागेचा भाव चढला. खोली विकून किंवा पागडी सोडून आलेल्या पैशांत डोंबिवली, दिवा, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे वन रूम किचन किंवा बैठ्या चाळीतली खोली येत होती. लांब, पाण्याची बोंब, लोकलला लटकणं. पण स्वतःची, आणि मुख्य म्हणजे दार लावून घेता येईल अशी. तिथे बायको आली, तिच्यामागून पोरांची शाळा आली. गावात स्थळ बघताना ‘मुलाची मुंबईला स्वतःची खोली आहे का’ हा प्रश्न आधी येऊ लागला, जमिनीचा विषय नंतर निघे.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वे आली की माणूस गावात थांबेल, अशी तेव्हा फार आशा होती. झालं जवळपास उलट. बोटीच्या आणि नंतर एसटीच्या काळात कुटुंब मुंबईला नेणं म्हणजे गावाशी मोठी तुटातूट होती. रात्रीत गावी पोचवणारी गाडी आल्यावर बिऱ्हाड हलवणं सोपं झालं, कारण सणाला परत येणं सोपं झालं. सावंतवाडीची पॅसेंजर दिव्याहून सुटते, तीही कोकणी वस्ती कुठे सरकली ते सांगते. याला रेल्वेचा दोष म्हणता येत नाही. अपेक्षाच चुकीची बांधली होती.

मळ्यात काय बिघडतं

बाई गेली की पहिलं काम अडतं ते लावणीचं. मृगाच्या सुमारास पेरलेला तरवा (भाताची रोपं) वीस-पंचवीस दिवसांचा झाला की लावायला हवा. एकराला दिवसाकाठी आठ-दहा बायका लागतात. पूर्वी वाडीतल्या बायका आज हिच्या मळ्यात, उद्या तिच्या, अशा फिरून लावणी उरकत. वाडीत चारच उरल्या की लावणी लांबते. चाकरमानी रजा काढून येतो खरा, पण रजा शनिवार-रविवार धरून मिळते आणि पाऊस तिच्या हिशोबाने पडत नाही. चिखलणीला पाणी नाही म्हणून आठवडा गेला की तरवा महिन्याचा होतो. निबर झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि उतारा पडतो. दोन-तीन वर्षं असं झालं की घरचा माणूस म्हणतो, तांदूळ रेशनवर मिळतो, कशाला जीव काढायचा.

पडीक टाकायला सुरुवात होते ती वरच्या दळ्यांपासून, म्हणजे उतारावरच्या वरच्या खाचरांपासून. बैल विकलेले असतात आणि पॉवर टिलर अरुंद बांधावरून वर चढत नाही. इथे एकाचं पडीक दुसऱ्याला भोवतं. कोकणातलं भात पायऱ्यांवर असतं, पाणी वरच्या दळ्यातून खालच्यात उतरतं. वरच्या दळ्याचा बांध कोणी लिंपत नाही, खेकड्यांनी पोखरलेला बांध जुलैच्या पावसात फुटतो आणि माती, दगड खालच्या लावलेल्या भातावर येतात. खालचा शेतकरी शहाणा आणि मेहनती असला तरी त्याचं भात वरच्याच्या हातात असतं, आणि वरचा नालासोपाऱ्यात.

दुसरा मार डुकरांचा. मळ्यात तीस घरांचं भात असताना राखणीला माणसं असत, रात्री हाकारे होत, नुकसान वाटलं जाई. दोनच घरांचं भात उरलं की सगळा कळप त्या दोघांकडे येतो. भोवतालच्या पडीकात रानमोडीचं तण माजलेलं, ते डुकरांना लपायला सोयीचं. शेवटची दोन घरं मग आळसामुळे शेती सोडत नाहीत. त्यांचा हिशोबच बसत नाही. शेती एकेक घराने कमी होत जाते असं आपण समजतो. प्रत्यक्षात एका टप्प्यापर्यंत ती हळूहळू कमी होते आणि मग दोन पावसाळ्यांत आख्खा मळा पडतो.

आंबा-काजू टिकला त्याचं कारणही हेच उलटं. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर कलमं लागली. कलम चाकरमान्याला परवडतं, लावणीच्या ठरावीक आठवड्यात हजर राहण्याची अट ते घालत नाही. बाग करारावर देता येते, राखणीला नेपाळी ठेवता येतो. भाताला घर लागतं. बागेला मालक बाहेरगावी असला तरी चालतो.

एकच गर्दी, दोन वेगळे बिघाड

नळपाणी योजना माणशी दररोज ५५ लिटर धरून आखतात आणि पुढच्या वर्षांची लोकसंख्या मागच्या जनगणनांवरून काढतात. घटत्या गावात ही रीत फसते. समजा, वाडीत फेब्रुवारीत २०० माणसं मोजली गेली. रोजची गरज ११,००० लिटर. ताशी ४,००० लिटर उचलणारा पंप पावणेतीन तासांत टाकी भरतो. गणपतीला बंद घरं उघडून तीच वाडी ८०० वर गेली, तर ४४,००० लिटर लागतात. पंप ११ तास चालला पाहिजे.

भाद्रपदात विहीर तुडुंब असते. अडतो तो पंप. घरोघरी दिवे, मिक्सर, मोटारी चालू, व्होल्टेज पडतं, स्टार्टर ट्रिप होतो. माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि चौथीच्या आदल्या रात्री मोटार जळते. मे महिन्यात नेमकं उलटं. वीज असते, मोटार चांगली असते, विहिरीत पाणी नसतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जांभ्यातून तो निथळून जातो. गर्दी दोन्ही वेळा सारखी, म्हणून ग्रामसभेत मागणीही एकच होते: ‘मोठा पंप बसवा.’ मे महिन्यात मोठा पंप विहीर लवकर कोरडी करतो आणि फुटव्हॉल्व्ह उघडा पडून हवा ओढतो, याखेरीज काही साधत नाही.

गणपतीसाठी स्वस्त आणि चालणारे उपाय असे. प्रत्येक बंद घराची ५०० ते १००० लिटरची टाकी सणाच्या चार-पाच दिवस आधी, व्होल्टेज चांगलं असताना, पहाटेच्या पंपिंगवर भरून ठेवायची. किल्ली शेजारी असतेच. वितरणाच्या प्रत्येक फाट्यावर गेट व्हॉल्व्ह हवा आणि आळीप्रमाणे पाणी सोडायला एक माणूस नेमलेला हवा. नाहीतर उतारावरच्या खालच्या घरांच्या टाक्या भरून वाहतात आणि वरच्या आळीत थेंब पोचत नाही. भांडण इथेच पेटतं, आणि त्याला भावकीचं नाव मिळतं. मूळ कारण व्हॉल्व्ह नसणं हेच असतं. मे महिन्याची तजवीज मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी लागते. वहाळाचा (ओढ्याचा) प्रवाह जिवंत असतानाच, विहिरीच्या खालच्या अंगाला, पोत्यांचा वनराई बंधारा घातला तर झऱ्याचं पाणी काही आठवडे पुढे टिकतं. जानेवारीत आटत्या वहाळात घातलेला बंधारा फोटोपुरता. तो नोव्हेंबरात घालायला लागणारे हात गावात नसतात, ही यातली अडचण. चाकरमानी दिवाळीला आला तर दोन दिवसांचं ते काम आहे, पण दिवाळीला तो फारसा येत नाही.

सातबाऱ्यावरचे आजोबा

पडीक जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची, बागेला अनुदान घ्यायचं, बांध दुरुस्त करायचा, काहीही करायला गेलं की सातबारा आडवा येतो. नाव आजोबांचं किंवा त्यांच्या पाच भावांचं, वारस चाळीस, पत्ते दहिसरपासून पनवेलपर्यंत. सामायिक खात्यात एकाने अर्ज केला की सगळ्यांची संमती मागितली जाते आणि काम तिथेच थांबतं.

क्रम चुकला की फेऱ्या वाढतात. मृत्यू ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने वारस नोंदी घ्याव्या लागतात: आधी आजोबा, मग त्यांचे वारलेले मुलगे. प्रत्येकासाठी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारस लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. तलाठी वारस रजिस्टरला घेतो, फेरफार धरतो, हितसंबंधितांना १५ दिवसांची नोटीस जाते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हे पार पडल्यावर वाटप. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज, आणि नंतर मोजणी. राजी नसतील तर दिवाणी न्यायालय, म्हणजे आणखी एक पिढी.

सर्वांत जास्त वेळा चुकतं ते आत्यांचं नाव. प्रतिज्ञापत्रात लग्न होऊन गेलेल्या बहिणी लिहीतच नाहीत, ‘त्यांना काय करायचंय’ म्हणून. त्या वारस असतात, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. नाव वगळलेली नोंद आज मंजूर झाली तरी दहा वर्षांनी आत्याच्या मुलाने हरकत घेतली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिला हक्क सोडायचा असेल तर नाव आधी लागलं पाहिजे आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालं पाहिजे. तोंडी सोडलेल्या हक्काला कागदावर जागा नाही.

गणपतीत सगळी भावकी एका छपराखाली असते, पण तेव्हा कचेऱ्याही सुट्टीवर. म्हणून सह्या, आधारच्या प्रती, दाखल्यांची यादी एवढंच गणपतीत उरकावं. अर्ज कार्तिकात, गावात राहणाऱ्या एकाला कुलमुखत्यारपत्र देऊन. दरवर्षी आरतीनंतर हा विषय निघतो, आवाज चढतात आणि विसर्जनापर्यंत तो पुन्हा पेटीत जातो.

पुढची मोजणी

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ आहे. २०११ लाही मोजणी फेब्रुवारीत संपली आणि शिमगा १९ मार्चला आला. २०२७ लाही शिमगा मार्चच्या उत्तरार्धात आहे, म्हणजे गाव त्याच्या सर्वांत रिकाम्या अवस्थेत मोजलं जाणार. त्यात चूक काही नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण त्या एका आकड्यावर पाणी, कचरा आणि दवाखान्यातली औषधं ठरवणं चूक आहे. ग्रामपंचायतीने आपली वही वेगळी ठेवावी. घरपट्टीच्या असेसमेंटच्या यादीतला घर क्रमांक घ्यावा आणि त्यापुढे तीन रकाने आखावेत: फेब्रुवारीत किती माणसं, मे महिन्यात किती, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी किती. बायका-पुरुष वेगळे, सहा वर्षांखालची मुलं वेगळी. राखणीचे आणि चिरेखाणीचे मजूर जिथे राहतात त्या खोपी यादीत नसतात, त्या शेवटी जोडाव्यात. बंद घरासमोर ‘बंद’ एवढंच लिहून सोडू नये. कौलं शेवटची कधी परतली आणि किल्ली कोणाकडे आहे, तेही लिहावं.